आत बसशील का?

आमचे चित्रकलेचे मास्तर माठ घ्यायला निघाले की कुंभार हातातलं काम टाकून आडवा येत असे. माठ वाजवून घेणं ही काही नवलाची गोष्ट नाही. सोलापुरातली प्रत्येक बाई बोटाच्या पेराने माठ वाजवते, कान देते आणि मगच उचलते. पण मास्तर कोटाच्या उजव्या खिशातून हातोडी काढत.

“मास्तर, बोटानं! बोटानं वाजवा की!” कुंभार ओरडे.

“बोटाला खोटं ऐकू येतं,” मास्तर म्हणत, आणि निजलेल्या पोराला हळूच उठवावं तशी हातोडी माठावर टेकवत. डोळे मिटून ऐकत. पुन्हा टेकवत. मग दुसरा माठ. मग पुन्हा पहिला. शेवटी त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो, मधलाच कुठला तरी माठ उचलून चालू लागत आणि मास्तर मागून, “अगं, तो अजून ऐकला नाही,” म्हणत घरापर्यंत येत.

वीतभर दांड्याची ती हातोडी त्यांच्या अंगाचाच भाग झाली होती. शाळेत गेले की जिन्याच्या लाकडी पायऱ्या वाजवत. बाक वाजवत. कलिंगड, पाट, दाराची चौकट, काहीही. टांग्यात बसण्याआधी खाली वाकून चाक वाजवत, तेव्हा टांगेवाला कपाळाला हात लावी. “मास्तरसाब, टांगा है ये. आगबोट नक्को समझो.” मी त्यांच्या घरी राहायला आलो त्या दिवशी माझी पत्र्याची पेटीसुद्धा त्यांनी वाजवली होती. “कोपऱ्यात गंज आहे,” म्हणाले. खरंच होता.

मी मंगळवेढ्याच्या बाजूचा. आमच्याकडे ज्वारी आणि कोरडी जमीन. माझ्याआधी घरातलं कोणी इंग्रजी शाळेत गेलेलं नाही. सोलापुरात शिकायला आलो तेव्हा राहायची सोय नव्हती. मास्तरांनी वर्गात विचारलं, “मंगळवेढं, कुठं राहतोस?” ते मुलांना नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी म्हटलं, धर्मशाळेत. तर म्हणाले, “पडवी रिकामी आहे. वासे मी ऐकलेले आहेत.” अशी माझी सोय झाली. आता मी पुण्यात कॉलेजात आहे आणि एखाद्या माणसावर काही लिहा असं आम्हाला सांगितलं, तेव्हा मला दुसरं कोणी आठवलं नाही. त्यांच्याबद्दल लिहायचा मला अधिकार आहे की नाही, हे मात्र अजून ठरत नाही.

शाळेत त्यांना पाणबुडीमास्तर म्हणत. शाळेत येण्याआधी ते मुंबईला आरमाराच्या गोदीत ड्राफ्ट्समन होते, म्हणजे जहाजांचे नकाशे काढायचे काम करत. उन्हाळ्यात आमच्या नळांना दोन घागरी पाणी आलं तरी बायका एकमेकींना हाका मारून सांगतात, अशा गावात हा माणूस पाणबुडीच्या गोष्टी सांगतो याचं सगळ्यांना हसू येई. शाळेचा शिपाई म्हणायचा, “हितं घागर बुडंना झालीया, अन् मास्तर बोट बुडवायला निगाल्यात.”

मला त्यांच्या हातोडीचं हसू यायचं, पण त्यांच्या भीतीचं येत नसे. ती लवकरच माझ्या ध्यानात आली होती. घरात वर्तमानपत्र येत नसे. येत नसे एवढंच नाही, वाण्याकडून गूळ आला तर पुडीचा कागद अक्का ओट्यावरच काढून टाकत आणि गूळ वाटीत घालून आत आणत. कागदावर काय छापलंय कोण जाणे, आणि मास्तरांची नजर गेली तर? मी एकदा नकळत शेंगदाण्याची पुडी त्यांच्यापुढे धरली, तर त्यांनी मान फिरवली. शेंगदाणे खाल्ले नाहीत.

सिद्धेश्वराच्या तळ्यावर फिरायला गेलो की पाण्यात सूर मारणारी पोरं दिसत. मास्तर काठावर थांबत. एक जरी डोकं पाण्याखाली असेपर्यंत त्यांचा पाय पुढे पडत नसे. पोरांना ते कळलं होतं. एकदा एक पोरगा सूर मारून आतल्या आत पोहत पायऱ्यांच्या आडोशाला जाऊन निघाला आणि तिथंच दडून बसला. मास्तर काठावरून ओरडायला लागले. तो पोरगा हसत बाहेर आला तरी त्यांना दिसेना. “वर आला नाही, वर आला नाही,” एवढंच. मी त्यांचा दंड धरून त्यांना तो पोरगा दाखवला. त्यांचा कोट घामाने भिजला होता. घरी आल्यावर अक्कांनी काही न विचारता त्यांच्यापुढे ताक ठेवलं. म्हणजे हे त्यांना नवीन नसावं.

आता त्यांच्या खटल्याबद्दल सांगतो. खटला हा त्यांचाच शब्द. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी ते एक तास चित्रकला बंद ठेवत आणि फळ्यावर लांबट काकडीसारखी एक बोट काढत. हात इतका सफाईदार की रेषा कुठे सुरू झाली ते कळू नये. मग त्या काकडीच्या कुशीत खडूने एक मोठं भगदाड पाडत.

“ही लढाऊ पाणबुडी,” ते सांगत. “महायुद्ध संपल्यावर पूर्वेकडे निघाली होती. मुंबईच्या बाहेर धुक्यात एका आगबोटीने हिला कुशीत धडक दिली. ओढून गोदीत आणली. पत्रे फाटलेत. आतल्या फासळ्या, ह्या इथल्या, वाकल्यात. खारं पाणी बॅटऱ्यांत शिरलंय, आत गेलं की घशात जाळ होतो. एक साहेब म्हणतो, दुरुस्त करा. दुसरा म्हणतो, मोडीत काढा. ध्यानात ठेवा, हिला दोन कामं यावी लागतात. बुडायचं आणि वर यायचं. बुडायला कुठल्याही फुटक्या बोटीला शिकवावं लागत नाही. बोला.”

मग मुलं बोलत. मुलांनी बोलावं आणि मास्तरांनी फक्त विचारावं, असा नेम. ज्या वर्षाचं मी सांगतो आहे, त्या वर्षी पहिला उठला तो विणकराच्या घरचा मुलगा. घरात तेलुगू बोलणारा, आमच्याहून चांगलं मराठी लिहिणारा.

“सर, मोडीत काढा. कापड फाटलं तर आम्ही रफू करतो. बघणाऱ्याला दिसत नाही. पण रफूच्या जागेवर भार दिला की तिथंच जातं.”

“तुला दिसतं का, कुठं रफू केलंय ते?”

“मला दिसतं सर. गिऱ्हाइकाला नाही.”

“म्हणजे रफू करणाऱ्याला माहीत असतं,” मास्तर म्हणाले आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. “बस.”

अक्कलकोटकडचा एक उठला आणि म्हणाला, दुरुस्त करा, सरकारची एवढी मोठी वस्तू टाकून कशी द्यायची. मास्तर फळ्यापासून त्याच्यापर्यंत चालत गेले. दुरुस्त करा म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे ते असेच चालत जात आणि एकच प्रश्न विचारत. गोदीची रीत अशी होती की दुरुस्त झालेली पाणबुडी पहिल्यांदा पाण्याखाली नेताना ज्यांनी ती दुरुस्त केली त्यांनी आत बसायचं. खलाशी होतेच, पण पत्रे ठोकणारा, पत्रे जोडायचे रिबीट मारणारा, नकाशा काढणारा, हेसुद्धा. आपल्या हातावर आपला विश्वास आहे की नाही, ते तिथं कळत असे.

“दुरुस्त करायची म्हणतोस. बरं. पहिल्या बुडीला आत बसशील का, अक्कलकोट?”

अक्कलकोटनं खाली बाकाकडे बघितलं. मग हळूच, “मला पोहता येत नाही सर.” सगळा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. “आत बसलेल्याला पोहणं येऊन उपयोग नसतो,” म्हणाले.

मग मला उठवलं. मी उभा राहून बोलायला नेहमी घाबरतो, पण यातलं मला थोडं माहीत होतं. मी म्हटलं, “सर, दुरुस्त करावी. आमच्या विहिरीवर मोट आहे. चामड्याची. ती फाटते. ठिगळ लावतात आणि पुन्हा विहिरीत सोडतात. तीसुद्धा बुडते आणि वर येते. नाही वर आली तर रान वाळून जाईल. म्हणून टाकून देत नाहीत.”

“मोटेत कोणी बसत नाही,” मागून कोणीतरी म्हणालं.

“बसत नाही,” मी म्हटलं, “पण ज्यानं मोट शिवली तो पहिली मोट वर येईपर्यंत विहिरीवरून हलत नाही. आमच्याकडे तशी रीत आहे. तो जेवायलासुद्धा जात नाही.”

मास्तर माझ्याजवळ येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, “आत बसशील का, मंगळवेढं?”

मी खरोखर विचार करत होतो. उद्धटपणा करायचा नव्हता. मला वाटलं, ज्यांना माहीत आहे त्यांना विचारावं. म्हणून मी म्हटलं, “सर, तुम्ही बसला होता का?”

इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी उलट विचारलं नव्हतं असं दिसलं. ते फळ्याकडे गेले. फडक्याने आधी भगदाड पुसलं, मग सगळी बोट पुसली. तास संपायला बराच वेळ होता. ते बाहेर निघून गेले. वर्ग माझ्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी मी घरी जायला घाबरत होतो. अक्का दारातच होत्या. “तम्मा,” त्या मला म्हणाल्या. त्यांच्या माहेरी कानडी बोलतात, धाकट्या भावाला तिकडे तम्मा म्हणतात. “काय विचारलास रे त्यांना? आल्यापासून माळवदावर जाऊन बसल्यात. सवतीला पण खाली ठेवून गेल्यात.” सवत म्हणजे हातोडी. ती भिंतीतल्या देवळीत ठेवलेली होती. मी ती त्यांच्या खिशाबाहेर अशी पहिल्यांदाच पाहिली.

मी वर गेलो. माळवदावरून गिरणीचं धुराडं दिसत होतं आणि ऊन अजून पुरतं गेलं नव्हतं. मी म्हटलं, “सर, चुकलो.”

“चुकला नाहीस,” ते म्हणाले. “बस. मी बसलो नव्हतो.”

त्यांनी सांगितलं ते असं. ती बोट गोदीत आली तेव्हा आत उतरून वाकलेल्या फासळ्यांची मापं घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांच्यासोबत रिबीट मारणारा एक गडी होता, गुहागरचा, म्हणून ते त्याला गुहागर म्हणत आणि तो त्यांना सोलापूर म्हणे. पत्र्यावर हातोडी टेकवून, पत्रा धड आहे की आतून गेलाय, हे ऐकायला त्या गुहागरनंच त्यांना शिकवलं. एक दिवस मोठा साहेब बोटीत उतरला. इकडे तिकडे बघितलं आणि एकदम मास्तरांना विचारलं, “तुला काय वाटतं? होईल?”

“मला कधी कोणी काही विचारलं नव्हतं, मंगळवेढं,” मास्तर म्हणाले. “नकाशा काढ म्हणायचे. मोठा काढ, लहान काढ. तुला काय वाटतं, असं नाही. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, होईल साहेब. तोंडातून निघून गेलं. साहेबानं मान हलवली आणि वर गेला. दुसऱ्या आठवड्यात दुरुस्तीचा हुकूम आला.”

काम सुरू झालं. गुहागर दिवसभर रिबीट ठोकत होता. दोघांची नावं पहिल्या बुडीसाठी लागली. तेवढ्यात मास्तरांची आई इकडे आजारी पडली आणि ते रजेवर सोलापूरला आले. आई बरी झाली. बुडीच्या आधी पोचायचं म्हणून ते परतीच्या गाडीत बसले. गाडी सुटण्याआधी चाकं ठोकत जाणारा रेल्वेचा माणूस त्यांच्या डब्याखाली आला.

“ठण् असा आवाज यायला पाहिजे. मला तो बद्द आला. निदान मला तसं वाटलं. मी पिशवी घेतली आणि उतरलो. गाडी गेली. ती गाडी व्यवस्थित मुंबईला पोचली असणार. मी पुन्हा गेलो नाही.”

“आणि बोट?”

“माहीत नाही.”

“गुहागर?”

“माहीत नाही.” ते माझ्याकडे वळले. “आणि तू विचारायचं नाहीस. कधी मुंबईला गेलास तरी नाही. जोवर कोणी विचारलं नाही तोवर ती बोट वर यायची आहे. कळलं?”

मी मान हलवली. तेव्हा मला कळलं की हा माणूस इतकी वर्षं काठावरच उभा आहे.

मॅट्रिक झाल्यावर मी पुण्याला निघालो तेव्हा ते स्टेशनवर आले होते. माझे वडीलही आले होते, गाठोडं घेऊन. मी डब्यात चढायला लागलो तर मास्तरांनी बाही धरली. “थांब. अजून चाकं ठोकून व्हायची आहेत.” गार्डानं शिट्टी दिली तरी बाही सोडेनात. वडील घाबरले. “आवं मास्तर, गाडी चालली की! सोडा की पोराला!” चाकं ठोकणारा माणूस पळत पळत आमच्या डब्याखालून गेला, ठण् आवाज आला, आणि मास्तरांनी मला अक्षरशः आत ढकललं. वडील नंतर मला पत्र लिहवून घेऊन विचारत होते, मास्तरास्नी बरं न्हाय का.

पुण्यात माझ्या खोलीतल्या सोबत्याचे मामा मुंबईला गोदीतच कामाला आहेत, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. त्यानंतर माझं अभ्यासात लक्ष लागेना. मी वचन दिलं होतं. निदान मान हलवली होती. आणि जर ती बोट वर आली नसेल, तर ते मला कळल्यावर मी मास्तरांसमोर कसा उभा राहणार? माझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही. पण तळ्याच्या काठावरचा त्यांचा तो भिजलेला कोट मला दिसत राही. दिवाळीच्या सुट्टीत सोबती म्हणाला, चल मुंबईला. मी गेलो. हे बरोबर केलं की नाही, मी अजून सांगू शकत नाही.

मामांनी चौकशी केली आणि मला दुपारच्या सुट्टीत गोदीच्या फाटकाशी उभं केलं. भिंतीच्या सावलीत कामगार डबे उघडून बसले होते. मामांनी एका पांढऱ्या मिशीच्या, रुंद मनगटाच्या माणसाकडे बोट दाखवलं. “हा तुझा गुहागरवाला.”

तो माणूस कुळथाची पिठी आणि भात खात होता. तो मजेत जेवत असलेला पाहून मी त्याच्यासमोर जमिनीवरच बसलो. मी म्हटलं, “मी सोलापूरहून आलो. म्हणजे, सोलापूरच्या मास्तरांकडून. तुम्ही त्यांना सोलापूर म्हणायचा.”

त्याचा घास हातात राहिला. “सोलापूर? जिवंत आहे तो?” आणि मग इतक्या मोठ्याने की सगळी रांग वळून बघायला लागली, “अरे, मेल्यान् माझी हातोडी नेलान्! आईला बघून येतो म्हणून गेलान् तो गेलान्! बापाच्या वेळची हातोडी होती ती!”

“आहे ती,” मी म्हटलं. “अजून आहे. रोज खिशात असते.”

“खिशात ठेवून काय करतो मेला?”

“माठ वाजवतात.”

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मी घाबरत घाबरत विचारलं, “आणि ती पाणबुडी?”

“कुठली?”

मी सांगितलं. फाटलेली कूस, वाकलेल्या फासळ्या, बॅटऱ्या. तो आठवायला लागला. मला खरं वाटेना. माझ्या मास्तरांना ज्या बोटीनं वर्षानुवर्षं निजू दिलं नाही, ती या माणसाला आठवून बघावी लागत होती.

“हां, ती होय!” तो म्हणाला. “ती कसली बुडते! ठोकून ठोकून हात गेले आमचे. फासळ्या सरळ केल्या, पत्रे चढवले, आणि एक दिवस वरून हुकूम आला, मोडीत काढा. आम्ही मारलेले रिबीट आम्हीच तोडले. पाणी लागलंच नाही तिला पुन्हा.”

“म्हणजे पहिली बुडी...”

“झालीच नाही.”

“पण मास्तरांनी साहेबाला सांगितलं होतं, होईल म्हणून. त्यांना वाटतं, त्यांच्या शब्दावरून...”

“साहेब?” तो म्हणाला. “तो सगळ्यांनाच विचारायचा. मला विचारलान्. पाणक्याला विचारलान्. त्याला सवय होती ती.”

“दुरुस्त झाली असती का पण?”

त्याने भाताचा शेवटचा घास तोंडात टाकला. “झाली असती की. झाली असती म्हणून कोण करतं काय?” आणि डबा बंद करून उठताना म्हणाला, “सोलापूरला सांग, माझी हातोडी आणून दे. बाकी काही सांगू नको. हातोडी.”

सोलापूरला येणाऱ्या गाडीत मला झोप आली नाही. बातमी चांगली होती, तरी ती मला दगडासारखी वाटत होती. कोणी मेलं नाही. पण मग ज्या बुडीच्या भीतीने त्यांनी नोकरी सोडली, मुंबई सोडली, कागदावरचं अक्षर वाचायचं सोडलं, ती बुडी झालीच नव्हती. आणि त्यांना एकदाच विचारलेला तो प्रश्न साहेब पाणक्यालाही विचारत होता. यातलं काय सांगावं आणि काय गिळावं? वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं ओझं काढून घेतलं तर माणूस कधी कधी तोल जाऊन पडतो, असं आमच्याकडे हमालांच्या बाबतीत म्हणतात. कुर्डुवाडीला मी ठरवलं, सांगायचं नाही. मोहोळला ठरवलं, सांगायचं.

मी पोचलो तेव्हा मास्तर ओट्यावर एका मोडक्या छत्रीची काडी न् काडी वाजवून बघत होते. आत अक्का कानवले तळत होत्या. मास्तरांनी वर बघितलं आणि विचारलं, “पुण्याहून?”

मला खोटं बोलता आलं नाही. “मुंबईहून, सर.”

त्यांनी छत्री खाली ठेवली. हात आडवा केला. “सांगू नकोस.”

“नाही सांगत सर,” मी म्हटलं. “फक्त गुहागर म्हणाले, माझी हातोडी परत आणून दे.”

त्यांनी आडवा केलेला हात खाली घेतला. मग खूप सावकाश म्हणाले, “म्हणाला?”

“हो सर.”

“तोंडानं म्हणाला? तुला?”

“जेवत होते. पिठी-भात खात होते. फार रागावलेत तुमच्यावर. मिशा पांढऱ्या झाल्यात.”

“मिशा ठेवल्यान् का त्याने?” मास्तर गुहागरच्याच बोलीत म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अक्का झारा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी सगळं ठीक आहे अशी मान हलवली. झाऱ्यातून तेल ओट्यावर ठिबकत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं.

थोड्या वेळाने मास्तरांनी आपण होऊन विचारलं, “आणि बोट?”

“मोडीत काढली सर. पाण्यात घातलीच नाही. दुरुस्ती होत आली होती, तेवढ्यात हुकूम आला.”

पाणक्याचं मी सांगितलं नाही. ते अजून सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं, आता ते रडतील, नाहीतर हसतील. पण ते उठून उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

“मोडीत? कोणी काढली? ती दुरुस्त होत होती! मी स्वतः मापं घेतलीत. डाव्या बाजूच्या फासळ्या वाकल्या होत्या, मोडल्या नव्हत्या. वाकणं वेगळं, मोडणं वेगळं! कणा धड होता. मी ऐकलाय तो कणा. घंटेसारखा वाजत होता. अशी बोट मोडीत काढतात? कोण गाढव...” ओट्यावरून रस्त्यापर्यंत त्यांचा आवाज जात होता. समोरचे लोक दारात आले. इतक्या वर्षांच्या खटल्यात त्यांनी कधी आपलं मत दिलं नव्हतं, ते आज दिवाळीच्या उन्हात ओरडून देत होते. “दुरुस्त करायला पाहिजे होती! हजार वेळा दुरुस्त करायला पाहिजे होती!”

अक्कांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, “मग तुम्ही बसला असता का आत?”

आतून तेल जळल्याचा वास यायला लागला आणि अक्का “अय्यो, माझे कानवले” म्हणत पळाल्या. उत्तर काही मिळालं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मास्तर घरभर फिरत होते, आणि मला भीती वाटायला लागली होती की मी एक धड भिंत पाडून ठेवली.

तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला. “हातोडी परत द्यायला पाहिजे.”

मी म्हटलं, मी पाठवतो, मामांकडे देतो.

“नको. दुसऱ्याच्या बापाची वस्तू आहे. माझी मी नेऊन देतो.”

अक्कांनी भाकरी थापता थापता मागे न बघता सांगितलं, “मी बी येते. लग्नात म्हणला होता तुम्ही, समुद्र दाखवतो.”

स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेलो. माझी पुण्याची गाडी नंतरची होती. अक्का बोचकं घेऊन आधीच आत जाऊन बसल्या होत्या. मास्तर फलाटावर उभे होते, आणि त्यांचा उजवा हात खिशात होता. चाकं ठोकणारा इंजिनाकडून निघाला होता. ठण्. ठण्. आवाज एकेक डबा करत आमच्याकडे येत होता. मास्तरांनी डोळे मिटले. हीच गाडी, हाच फलाट. मी मनात म्हणत होतो की आवाज नीट येऊ दे, आणि तेवढ्यात गर्दीने, हमालांच्या ओरड्याने, कशाने तरी तो बद्द वाटला तर काय, या विचाराने मीच कान देऊन उभा होतो.

“या की वर,” अक्का खिडकीतून म्हणाल्या. “का मी एकटीच जाऊ त्या गुहागरकडं?”

मास्तरांनी डोळे उघडले. चाकं ठोकणारा अजून तीन डबे लांब होता. त्यांनी खिशातून हातोडी काढली. मला वाटलं, आता खाली वाकणार. पण त्यांनी ती खिडकीतून अक्कांच्या हातात दिली, “धर,” म्हणाले, दाराची दांडी पकडली आणि वर चढले.

तो माणूस त्यांच्या डब्याखाली आला तेव्हा मास्तर बोचकं फळीवर चढवण्यात गुंतले होते. चाकाचा आवाज मी ऐकला. कसा होता, हे त्यांनी मला खिडकीतून विचारलं नाही.